क्वांटम संगणकाच्या जडणघडणीत नियंत्रण अभियांत्रिकीचे स्थान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

क्वांटम संगणकाचा इतिहास सामान्यतः दोन अंगांनी मांडला जातो. पहिले अंग सिद्धांताचे आहे. त्यात रिचर्ड फाइनमन यांचे १९८१ मधील व्याख्यान आणि मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याची पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मांडलेली रीत यांना मानाचे स्थान मिळते. दुसरे अंग पदार्थाचे, म्हणजे ज्यात क्यूबिट साकार होतो त्या आयनांचे वा अतिसंवाहक मंडलांचे आहे. या दोहोंना जोडणारा तिसरा दुवा मात्र बहुधा तळटीपेत राहतो. क्यूबिटला आज्ञा पोहोचविणे, तिची वेळ सांभाळणे व उत्तर वाचून घेणे हे काम करणारी यंत्रणा म्हणजे हा दुवा होय आणि ती उभारणारा तो नियंत्रण प्रणाली अभियंता. हे काम केवळ पूरक स्वरूपाचे नसून क्वांटम संगणक कोठवर जाऊ शकतो याची मर्यादा प्रत्येक टप्प्यावर त्यानेच आखून दिली, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

नियंत्रणाचा मूळ प्रश्न

वाफेच्या इंजिनावरील गव्हर्नरपासून आधुनिक कारखान्यापर्यंत नियंत्रणशास्त्राचे सूत्र एकच राहिले आहे. स्थिती मोजावी, अपेक्षित स्थितीशी तिची तुलना करावी आणि आढळलेला फरक दूर करावा. क्यूबिटच्या बाबतीत या सूत्राची पहिली पायरीच अडचणीची ठरते. क्यूबिट शून्य व एक यांच्या संमिश्र अवस्थेत असू शकतो, परंतु थेट मोजताच ती अवस्था मोडते. त्यामुळे अभियंत्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक, मध्ये डोकावण्याची गरजच पडू नये इतकी आज्ञा अचूक करणे. दुसरा, साठविलेल्या माहितीला स्पर्श न करता केवळ चूक तेवढी ओळखणे. क्वांटम नियंत्रणाचा इतिहास हा पहिल्या मार्गाकडून दुसऱ्या मार्गाकडे झालेला प्रवास आहे.

रडारचा वारसा

पहिल्या मार्गाचा पाया संगणकाच्या कल्पनेआधीच घातला गेला होता. कोलंबिया विद्यापीठातील इसिडॉर राबी यांनी १९३८ मध्ये रेणूंच्या शलाकेवर चुंबकीय अनुस्पंदनाचा प्रयोग यशस्वी केला. योग्य कंप्रतेचे क्षेत्र ठरावीक काळ लावल्यास कण एका अवस्थेतून दुसरीत जातो आणि त्याच्या निम्मा काळ लावल्यास दोहोंच्या मध्ये राहतो, हे तत्त्व या संशोधनातून हाती आले. नवा क्यूबिट जोडल्यावर आजही प्रारंभी जी मोजमापे घेतली जातात, त्यांत राबी यांच्या नावाने ओळखले जाणारे मोजमाप असते.

दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी सूक्ष्मलहरींचे तंत्र झपाट्याने विकसित झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत राबी व एडवर्ड पर्सेल दोघेही कार्यरत होते. युद्ध संपताच, १९४६ मध्ये, पर्सेल आणि फेलिक्स ब्लॉख यांच्या स्वतंत्र गटांनी द्रव व घन पदार्थांतील अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन प्रत्यक्ष दाखविले. १९५० मध्ये अर्विन हान यांनी स्पिन प्रतिध्वनी शोधला. अणुकेंद्रांची लय विस्कटू लागल्यावर मध्येच योग्य स्पंद दिला, तर विस्कटलेली लय पुन्हा जुळून येते. अवस्था न मोजता दोष फेडण्याचा हा आरंभीचा उपाय होय.

आज्ञेच्या अचूकतेचा काळ

१९९५ मध्ये इग्नासिओ सिराक व पीटर झोलर यांनी सापळ्यातील आयनांवर गणन करण्याची योजना मांडली. त्याच वर्षी बोल्डर येथील राष्ट्रीय मानक संस्थेत क्रिस्टोफर मन्रो, डेव्हिड वाइनलंड व सहकाऱ्यांनी बेरिलियमच्या एकाच आयनावर दोन क्यूबिटांची तार्किक क्रिया करून दाखविली. ही संस्था अणुघड्याळांसाठी विख्यात होती. आयन पकडणे, लेसरने थंड करणे व त्याची वेळ काटेकोर राखणे ही कौशल्ये तेथे आधीच रुजलेली होती.

तथापि सर्वांचा विश्वास बसला नव्हता. सर्ज आरोश व जाँ-मिशेल रेमों यांनी १९९६ मध्ये, क्वांटम संगणन हे स्वप्न की दुःस्वप्न, असा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. एका क्यूबिटवर ताबा मिळविणे आणि हजारोंवर तो टिकविणे यांतील अंतर त्यांना दिसत होते. २००१ मध्ये आयबीएम व स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी सात क्यूबिटांच्या रेणूवर अनुस्पंदनाच्या साहाय्याने १५ या संख्येचे अवयव पाडले. स्पंदांची आखणी किती पुढे गेली आहे हे त्यातून सिद्ध झाले. मात्र क्यूबिट वाढवू गेल्यास संदेश क्षीण होत जात असल्याने ती वाट पुढे खुंटली.

अतिसंवाहक मंडलांची कथा अशीच आहे. जपानमधील एनईसी कंपनीत १९९९ मध्ये यासुनोबू नाकामुरा व सहकाऱ्यांनी असा क्यूबिट नियंत्रित केला, तेव्हा त्याची अवस्था काही नॅनोसेकंदच टिकत होती. येल विद्यापीठातील २००७ च्या ट्रान्समॉन रचनेने ती अधिक स्थिर केली, पण नवी अडचण आणली. स्पंद फार जलद दिल्यास क्यूबिट शून्य व एक सोडून तिसऱ्याच पातळीवर निसटू लागला. २००९ मध्ये मोत्झोई, गॅम्बेटा व सहकाऱ्यांनी सुचविलेला उपाय पदार्थात बदल करण्याचा नव्हता, स्पंदाचा आकार बदलण्याचा होता.

गूगलने २०१९ मध्ये सादर केलेल्या सिकॅमोर प्रोसेसरवरून या कामाचा आवाका कळतो. त्यातील ५३ क्यूबिट चालविण्यासाठी अंकीय आज्ञांचे विद्युत संदेशांत रूपांतर करणारी २७७ साधने एकाच तालात ठेवावी लागली. एका क्यूबिटवरील क्रियेस २५ नॅनोसेकंद, तर दोन क्यूबिटांवरील क्रियेस १२ नॅनोसेकंद लागत. शिवाय चिप २० मिलिकेल्व्हिनपेक्षा कमी तापमानास ठेवावी लागते आणि खोलीतून खाली जाणारी प्रत्येक केबल सोबत उष्णता व गोंगाट नेते. क्यूबिटांची संख्या वाढविणे हा म्हणून तारांचाही प्रश्न झाला. त्याच वर्षी इंटेलने सुमारे चार केल्व्हिन तापमानास चालणारी नियंत्रण चिप जाहीर केली, ती याच कारणास्तव.

फीडबॅकचे पुनरागमन

दुसरा मार्ग खुला होण्यास २०११ नंतर गती आली. त्या वर्षी पॅरिसमधील आरोश यांच्या गटाने पोकळीतील फोटॉनांची संख्या सौम्य मोजणी व तात्काळ दुरुस्ती यांच्या आधारे स्थिर राखली. २०१२ मध्ये बर्कली येथे आर. विजय व सहकाऱ्यांनी अतिसंवाहक क्यूबिटची राबी आंदोलने फीडबॅकने टिकवून धरली. ज्या आरोश यांनी १९९६ मध्ये शंका घेतली होती, त्यांना व वाइनलंड यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक एकेका क्वांटम प्रणालीचे मापन व हाताळणी यांबद्दलच मिळाले. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलच्या १०५ क्यूबिटांच्या विलो प्रोसेसरवर त्रुटी-दुरुस्तीची जाळी मोठी करीत नेल्यास चुका घटत जातात, असे सिद्ध झाले. चुकीची खूण वाचून तिचा अर्थ मायक्रोसेकंदांत लावणे हे नियंत्रण यंत्रणेचे नवे कर्तव्य ठरले.

भारतीय संदर्भ

उपरोक्त विजय हे पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये या संस्थेच्या सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची संपूर्ण चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. क्यूबिटांची रचना व निर्मिती कुलाब्यात झाली, तर नियंत्रण व मापन यंत्रणा डीआरडीओच्या पुणे येथील क्वांटम प्रयोगशाळेने जुळविली. तिच्यात बाजारात मिळणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे व स्वतः प्रोग्राम केलेली बोर्डे या दोहोंचा उपयोग झाला. क्लाउडवरून वापरण्याची सोय टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने केली. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे उद्दिष्ट आठ वर्षांत ५० ते १००० क्यूबिट गाठण्याचे आहे. सहापासून तेथवरच्या वाटेत प्रत्येक नव्या क्यूबिटबरोबर तारा, स्पंद व दुरुस्तीची मोजमापे वाढत जाणार आहेत.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की क्वांटम संगणकाच्या वाटचालीत अडथळा जेव्हा आला, तेव्हा तो ओलांडण्यात आज्ञा देण्याच्या रीतीतील सुधारणेचा मोठा वाटा होता. राबी यांचे अनुस्पंदन, हान यांचा प्रतिध्वनी, २००९ मधील स्पंदाचा आकार व अलीकडचा फीडबॅक ही एकाच परंपरेची रूपे आहेत. तिच्यात पदार्थविज्ञान व अभियांत्रिकी यांना वेगळे काढता येत नाही. क्यूबिटांच्या संख्येवरूनच प्रगती मोजण्याची सवय जडल्यास देशात चिप तयार होईल, पण तिला बोलते करणारी माणसे व उपकरणे बाहेरून आणावी लागतील. महाविद्यालयीन स्तरावर इलेक्ट्रॉनिक्स, नियंत्रणशास्त्र व क्वांटम भौतिकी यांचे अध्यापन परस्परांपासून तुटलेले राहू नये, ही या इतिहासाची शिकवण होय.