सर्पगंधा आणि विषादाची उपपत्ती

औषधाने रोग बरा होतो, हा वैद्यकाचा नित्याचा अनुभव होय. परंतु औषधाने रोग उत्पन्न होतो अशी समजूत व्हावी आणि त्या समजुतीवरून रोगाचे कारणच निश्चित केले जावे, असे क्वचित घडते. विषाद या मनोविकाराच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या मध्यास नेमके हेच घडले. त्याला निमित्त झाले ते सर्पगंधा या भारतीय वनस्पतीपासून काढलेले रेसर्पिन. ज्या पुराव्यावर ही समजूत उभी राहिली तो तपासून पाहता, त्यात उणीव होती ती औषधशास्त्राची नसून रोगनिदानाची होती, असे दिसून येते.

सर्पगंधेचे मूळ बिहार-बंगालकडे उन्मादावर फार पूर्वीपासून दिले जाई. 'पागल की दवा' या नावानेच ते तिकडे ओळखले जात असे. (शास्त्रीय नामावलीत तिला मिळालेले राउवोल्फिया हे नाव सोळाव्या शतकातील एका जर्मन वैद्याच्या सन्मानार्थ ठेवलेले असून, त्या सद्‌गृहस्थाचा या वनस्पतीशी काडीचाही संबंध नव्हता.) १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोहोंवरील तिच्या उपयोगाची माहिती प्रसिद्ध केली. पाश्चात्य वैद्यकाचे लक्ष मात्र तिच्याकडे वळले ते मुंबईमुळे. डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपले अनुभव १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात मांडले. त्यानंतर १९५२ मध्ये बाझेल येथील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड रुग्णालयाचे नेथन क्लाईन यांनी मनोरुग्णांवरील त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. १९५७ चे लास्कर पारितोषिक ज्यांना मिळाले त्यांत वकील आणि क्लाईन या दोघांचाही समावेश होता.

याच १९५४ साली वॉशिंग्टनचे एडवर्ड फ्राइस यांनी, रेसर्पिन मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रुग्णांना विषादाने ग्रासल्याचे नोंदविले. अशा नोंदी इतरत्रही होऊ लागल्या. दुसऱ्याच वर्षी बेथेस्डा येथे बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत, रेसर्पिनमुळे सेरोटोनिनचे साठे रिते होतात असे आढळले. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनच्या बाबतीतही तसेच सिद्ध झाले. रेसर्पिन ही द्रव्ये नाहीशी करते, आणि रेसर्पिनमुळे विषाद येतो. तेव्हा या द्रव्यांची उणीव हेच विषादाचे कारण असले पाहिजे, असा तर्क सहजच पुढे आला. इमिप्रमिन व इप्रोनायझिड यांच्या विषादनाशक गुणांची वार्ता १९५७ मध्ये आल्यावर त्याला दुसऱ्या बाजूनेही आधार मिळाला. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी मांडलेल्या कॅटेकोलअमाईन-उपपत्तीत रेसर्पिनचा दाखला महत्त्वाच्या आधारांपैकी एक आहे.

या तर्कातील कच्चा दुवा मधला आहे. फ्राइस यांच्यासारख्यांच्या नोंदी या रक्तदाबतज्ज्ञांच्या नोंदी होत्या. तुलनेसाठी औषध न दिलेल्या रुग्णांचा गट त्यांत नव्हता. विषाद कशास म्हणावयाचे याचे सर्वमान्य निकषही त्या काळी नव्हते. रेसर्पिन घेणारा मनुष्य सुस्तावतो, त्याच्या हालचाली मंदावतात, कशात उत्साह वाटत नाही. ही अवस्था आणि अपराधभावना, निराशा, आत्मघाताचे विचार यांनी युक्त असा खरा विषाद एक नव्हेत; तथापि दोहोंची गणना एकाच नावाखाली झाली. लुंडचे आर्विद कार्लसन यांचा १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने उद्‌बोधक आहे. रेसर्पिनने निश्चल झालेले प्राणी डोपा हे द्रव्य टोचताच पुन्हा हिंडूफिरू लागले. या निरीक्षणाचा खरा लाभ झाला तो कंपवाताच्या उपचाराला. रेसर्पिन दिलेल्या प्राण्याची निश्चलता मात्र पुढे कित्येक वर्षे विषादाची प्रतिकृती म्हणूनच प्रयोगशाळांतून वापरली गेली.

याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, विरुद्ध पुरावा प्रारंभापासूनच उपलब्ध होता. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील डेव्हिस आणि शेफर्ड यांनी १९५५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. चिंता व विषाद यांनी पीडित रुग्णांपैकी काहींना रेसर्पिन व काहींना निर्गुण गोळी, अशी यादृच्छिक वाटणी तीत केलेली होती, आणि रेसर्पिन घेणारेच अधिक सुधारले. मनोविकारचिकित्सेतील अशा पद्धतीच्या आरंभीच्या चाचण्यांपैकी ही एक होय. ज्या द्रव्याने विषाद उत्पन्न होतो म्हणून सांगितले जात होते, त्यानेच तो उणावल्याचा हा निष्कर्ष होता. पण उपपत्ती रचणाऱ्यांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. तुरळक नोंदी स्मरणात राहिल्या आणि काळजीपूर्वक केलेली चाचणी विस्मृतीत गेली, याचे कारण पुराव्याच्या बळात शोधता येत नाही. ते उपपत्तीच्या सोयीत शोधावे लागते.

गुडविन व बनी यांनी १९७१ मध्ये जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा ज्यास विषाद म्हटले गेले त्याचा थोडाच भाग खऱ्या विषादाशी जुळतो आणि तोही बहुधा पूर्वी तो विकार होऊन गेलेल्यांत, असे त्यांना आढळले. २००३ मध्ये बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर रेसर्पिनजन्य विषादास 'दंतकथा' असेच संबोधिले. हे विशेषण थोडे कठोर वाटते, कारण काही रुग्णांत तो उद्भवला नसेलच असे कोणास म्हणता येणार नाही. सेरोटोनिन-उपपत्तीच्या पुराव्याचा २०२२ मध्ये मोन्क्रिफ प्रभृतींनी प्रसिद्ध केलेला प्रतिकूल आढावाही निर्विवाद ठरलेला नाही. त्यावरील आक्षेप लगेच पुढील वर्षी प्रसिद्ध झाले. शिवाय विषादनाशक औषधांची उपयुक्तता हा प्रश्न उपपत्तीच्या सत्यासत्यतेहून वेगळा आहे, याचे भान त्या वादात दोन्ही पक्षांकडून नेहमीच राखले गेले असे नाही.

रेसर्पिन मनोविकारचिकित्सेतून क्लोरप्रोमाझिनच्या स्पर्धेत लवकरच मागे पडले. रक्तदाबावर ते अधिक काळ टिकले. फ्राइस यांच्याच नेतृत्वाखाली झालेल्या आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विख्यात चाचणीतील तीन औषधांपैकी ते एक होते. त्याच्याशी क्रियासाधर्म्य असलेले टेट्राबेनाझिन हे औषध २००८ पासून अमेरिकेत हंटिंग्टन रोगातील अनैच्छिक हालचालींवर संमत आहे. त्याच्या माहितीपत्रकात विषाद व आत्मघातप्रवृत्ती यांविषयी ठळक इशारा दिलेला असतो. परंतु हंटिंग्टन रोगात विषाद मुळातच वारंवार आढळतो. तेव्हा एखाद्या रुग्णात दिसणारा विषाद औषधाचा की रोगाचा, हे ठरविणे तेथेही चिकित्सकाच्या निदानावरच अवलंबून राहते.