खूर, खिळा आणि लोखंड : घोड्याच्या पावलांचा इतिहास

१/ इ.स.पू. ३२६. सिकंदराचे सैन्य पंजाबात बियास नदीच्या काठी थबकले आणि त्याने पुढे जाण्यास नकार दिला. थकवा, अखंड पाऊस, पलीकडच्या राज्यांची धास्ती ही कारणे सर्वपरिचित आहेत. ग्रीक इतिहासकार डायोडोरस या हालअपेष्टांत आणखी एक गोष्ट नोंदवतो : सततच्या वाटचालीने घोड्यांचे खूर झिजून गेले होते.

२/ त्या घोड्यांच्या पायांत नाल नव्हते. खूर माणसाच्या नखाप्रमाणे वाढतो, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. मोकळ्या माळावर चरणाऱ्या घोड्याच्या खुराची वाढ आणि झीज यांचा मेळ आपोआप बसतो. पाठीवर स्वार, पायाखाली खडक आणि रोजची मजल आली की हा मेळ मोडतो. खुराच्या निगेचा सारा इतिहास म्हणजे हा मेळ पुन्हा बसवण्याची धडपड होय.

३/ इ.स.पू. चौथ्या शतकात झेनोफनने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. त्याचा उपाय साधा होता : तबेल्याबाहेरच्या अंगणात मुठीत मावतील असे गोल दगड चार-पाच गाड्या भरून पसरावेत. खरारा करताना घोडा त्यांवर पाय आपटील आणि खूर आपोआप कठीण होतील. ओलसर, गुळगुळीत जमीन चांगल्या खुरांचाही नाश करते, हेही त्याने बजावले आहे.

४/ रोमन काळात गॉल आणि ब्रिटन या प्रांतांत लोखंडी पादत्राणे वापरात होती. ती खुराखाली बसवून पट्ट्यांनी किंवा दोरीने बांधत. आज वापरले जाणारे, काढता-घालता येणारे खुरांचे बूट हे कल्पनेने त्यांचेच वंशज. मात्र अशी पादत्राणे घालून भरधाव दौड करणे कठीण होते.

५/ खिळ्यांनी ठोकलेला नाल युरोपात नवव्या-दहाव्या शतकापासून स्पष्टपणे दिसू लागतो. तिथली भूमी ओली. तबेल्यात लीद-मुतात उभ्या राहणाऱ्या घोड्यांचे खूर मऊ पडत. खुराच्या बाहेरील भिंतीला संवेदना नसते. खिळा तेवढ्याच भागातून गेला तर घोड्याला वेदना होत नाही. किंचित आत गेला तर घोडा लंगडतो. नालबंदाचे सारे कौशल्य या बारीक अंतरात सामावलेले आहे.

६/ याउलट तेराव्या शतकात अर्धे जग पालथे घालणाऱ्या मंगोलांचे बहुतेक घोडे अनवाणीच होते. गवताळ, कोरडी भूमी आणि प्रत्येक स्वारासोबत अनेक जादा घोडे! एक थकला की दुसऱ्यावर मांड. नालाचे काम तिथे घोड्यांच्या संख्येने केले.

७/ 'नाल' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. अरबीत त्याचा अर्थच पादत्राण. मराठा लष्करात शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. स्वारीपूर्वी तयारीसाठी त्याला जी आगाऊ रक्कम मिळे, तिला 'नालबंदी' म्हणत. सर्व खर्चाला नालाचेच नाव मिळावे, यातच त्याचे महत्त्व कळते. घोडा लंगडला तर शिलेदाराची रोजीरोटीच लंगडी होई.

८/ १८१२. नेपोलियनचे सैन्य मॉस्कोहून परतत होते. फ्रेंच घोड्यांच्या नालांना बर्फात रुतणारी टोके नव्हती. उपाशी घोडे गोठलेल्या चढ-उतारांवर घसरून पडत आणि पुन्हा उठत नसत. तोफा, गाड्या तिथेच टाकाव्या लागल्या. अश्वशाळाप्रमुख कोलँकूर याने बादशहाच्या खास घोड्यांना मात्र टोकदार नाल आधीच बसवून घेतले होते.

९/ त्याच सुमारास लंडनमध्ये ब्रेसी क्लार्क हा पशुवैद्य वेगळाच प्रश्न विचारत होता. टाप जमिनीवर पडताच खूर किंचित पसरतो आणि हादरा झेलतो. मग ताठ लोखंड त्याला जखडत नाही काय? त्याने एकाच घोडीच्या खुराचे साचे नाल ठोकण्यापूर्वी आणि नंतरच्या वर्षांत घेतले. खूर आक्रसत गेलेला दिसला. त्याने बिजागरीचा नालही बनवून पाहिला, पण लोखंडाची सद्दी संपली नाही.

१०/ २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघाने अडथळ्यांच्या सांघिक स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले. त्यातील पेडर फ्रेड्रिकसनचा 'ऑल इन' हा घोडा बिननालाचा होता. पण ते मैदान निगुतीने राखलेल्या वाळूचे होते. बियासपर्यंतची वाट तशी नव्हती. म्हणून 'नाल की अनवाणी' या वादाला एकच उत्तर नाही. जमीन कोणती, हवा कशी, ओझे किती आणि खुराकडे नित्य पाहणारा जाणता माणूस आहे की नाही, यांवर ते ठरते. नाल ठोकला तरी सहा-आठ आठवड्यांनी तो काढून वाढलेला खूर तासावाच लागतो. लोखंडाखालीही खूर वाढतच असतो.