संगणकाच्या फाटकावरील कारकून

आलापल्लीच्या रानांतील सागवान बल्लारशाच्या लाकूड-डेपोंत येतें, तेव्हां त्याची मोजणी होऊन नोंद होते. तेथील कारकुनास प्रत्येक ओंडक्यासाठीं हातांतलें काम टाकून फाटकाकडे धांवावें लागलें, तर दहा ओंडके कसेबसे नोंदले जातील. हजार आले, तर सारा दिवस धांवण्यांतच जाईल व वही कोरी राहील. संगणकांच्या जाळ्यांत नेमका हाच प्रसंग उद्भवला होता.

१९७३ सालीं अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनगृहांत रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनीं ईथरनेटचा पाया घातला. तारेवरून मजकूर लहान लहान पॅकेटांच्या रूपानें जातो. पॅकेट येतांच संगणकाचें कार्ड प्रोसेसरास हांक मारतें, हाच इंटरप्ट. ती हांक ऐकून पॅकेट उतरवून घेणारा कार्यक्रम म्हणजे ड्रायव्हर. सेकंदास एक कोटि बिटांच्या तारेवर अगदीं लहान पॅकेटें सेकंदास १४,८८० येऊं शकत. शतपट वेगाची तार आली आणि हा आंकडा १४ लाख ८८ हजारांवर गेला.

जेफ्री मोगल व के. के. रामकृष्णन यांनीं युनिक्स यंत्राची कसोटी घेऊन १९९६ सालीं तिचा निष्कर्ष मांडला. पॅकेटांचा ओघ पायरीपायरीनें वाढवावयाचा आणि पैकीं किती पुढें गेलीं तें टिपावयाचें, अशी त्यांची रीत. एका मर्यादेपलीकडे पुढें जाणारीं पॅकेटें घटूं लागत व अखेर शून्यावर येत. यंत्र क्षणभरहि रिकामें नसे, परंतु काम मात्र कांहींच होत नसे!

उपाय साधा होता. पहिल्या हांकेनंतर पुढील हांका बंद ठेवाव्या, सांचलेलीं पॅकेटें ठराविक संख्येनें उचलावीं व रांग संपल्यावर पुन्हां हांक सुरू करावी. २००१ च्या सुमारास जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन व अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनीं हेंच तत्त्व ‘नॅपी’ या नांवानें लिनक्समध्यें आणलें.

तथापि थांबण्यासहि मर्यादा आहे. हांक फार उशिरां दिली, तर प्रोसेसरास विसांवा मिळतो, पण उत्तर रेंगाळतें. रांग फार लांब ठेवली, तर पॅकेटें गळत नाहींत, पण तिष्ठत राहतात. म्हणून एका वेळीं एकच बदल करून पुन्हां मोजणें, हीच जुळणीची खरी पद्धति होय.

१९८२ सालीं चंद्रपुरांतून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत पर्लकोटेस पूर आला कीं भामरागडची वाट तुटते. अशा वेळीं दाखल्याचा अर्ज किंवा रुग्णाचा अहवाल तारेनेंच जावयाचा. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतु नेण्याची योजना २०११ सालीं मंजूर झाली. पुढें तिला भारतनेट हें नांव मिळालें. परंतु शेंकडों गांवांचे अर्ज एकदम झेलणाऱ्या संगणकाचा ड्रायव्हर गोंधळला, तर पॅकेटें फाटकांतच गळतात आणि दोष मात्र तारेवर येतो. गळलेल्या पॅकेटांचा हिशेब यंत्र स्वतःच ठेवीत असतें. नवी तार ओढण्यापूर्वीं तो आंकडा वाचणें, हें शहाणपणाचें पहिलें पाऊल होय.