सात ते चार : ठिपक्यांतलं गणित

आज बोलायचं आहे रांगोळी आणि संगणक यांच्याबद्दल.

भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं. कामासाठी देशभरातून माणसं आली आणि आपापल्या अंगणाच्या रीती घेऊन आली. म्हणून दिवाळीत आमच्या मोहन नगरात छत्तीसगढी घरापुढे तांदळाच्या पिठाचा चौक दिसतो, तेलुगू घरापुढे मुग्गू आणि मराठी घरापुढे ठिपक्यांची रांगोळी.

ही रांगोळी बायका एकमेकींना तोंडी सांगतात. 'सात ते चार, मधले ठिपके.' एवढंच. ऐकणारीला कळतं, की मधल्या ओळीत ७ ठिपके, तिच्या वर आणि खाली ६, मग ५, मग ४, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. मोजून बघा, ३७ होतात. 'अकरा ते सहा' म्हटलं तर ९१. चित्र पाठवलेलंच नसतं, फक्त नियम पाठवलेला असतो.

नक्षी आणि संगणक म्हटलं की फ्रान्समधल्या जॅकार्डच्या मागाची गोष्ट सांगतात. १८०४ च्या सुमाराचा हा माग भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालायचा, आणि १८४३ मध्ये एडा लवलेसने बॅबेजच्या नियोजित यंत्राची तुलना त्याच्याशी केली. गोष्ट खरी आहे. पण त्या मागाला कापडाच्या ओळीओळीसाठी वेगळा पुठ्ठा लागायचा. आपल्या आजीला लागत नव्हता! मला विचाराल तर आजच्या प्रोग्रॅमला ठिपक्यांची रांगोळीच जास्त जवळची.

हे ओळखलं मद्रासमध्ये. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये कोलमवर शोधनिबंध लिहिला. चॉम्स्कीने भाषेसाठी व्याकरणाचे नियम मांडले होते, की थोड्या नियमांतून अगणित वाक्यं तयार होतात. या तिघांनी तशाच नियमांनी कोलमच्या आकृत्या तयार होतात हे दाखवलं. पुढे सिरोमनींनी सलग रेघेचे कोलम हाताच्या मोजक्या वळणांत मांडले. बायका उंबऱ्यावर जे रोज करत होत्या, त्याला संगणकशास्त्रात जागा मिळाली.

आता दारात छापील स्टिकर आलेत, जाळीचे साचे आलेत, आणि फोनवर तयार रांगोळीचे फोटो फिरतात. मला त्यांचा राग नाही. फ्लॅटच्या दारात जागा तरी किती असते? पण फोटोत लाखो पिक्सेल असले तरी सुरुवात कुठून करायची हे तो सांगत नाही. जुन्या रांगोळीच्या पुस्तकांत आकृतीशेजारी ठिपक्यांचा आकडा छापलेला असे. फोटोतून तोच नेमका गळतो, आणि नियम ठाऊक असलेल्या बायका आता सत्तरीच्या पुढे गेल्यात. स्टिकर लहान दारात मावला नाही तर तो कापावा लागतो. 'सात ते चार' येणारी मात्र 'पाच ते तीन' घालते, १९ ठिपक्यांत.