दगडी उशी

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण आमच्या कळमनुरीवरून जाणारा नांदेड–वाशीम रस्ता किती जुना, ते निवृत्तीनंतर उमगलं. वाशीमला १९३९ साली एक ताम्रपट सापडला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने राज्याच्या ३७व्या वर्षी ब्राह्मणांना एक गाव दान दिलं, ते नांदीकडच्या उत्तर मार्गातलं. नांदीकड म्हणजे नांदेड. ताम्रपट दिला वत्सगुल्माहून, म्हणजे वाशीमहून. कळमनुरी या दोहोंच्या मधे.

पुढे याच घराण्यातल्या हरिषेणाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून भिक्षुसंघाला अर्पण केलं. तिथल्या भिंतीवर तसा लेख आहे. राजधानी वाशीम आमच्या शेजारची, विहार मात्र वाघोरा नदीच्या दरीत.

गेल्या श्रावणात अजिंठ्याला गेलो. नदी फुगलेली, धबधबा गर्जत होता. गर्दी चित्रांपाशी, मी बाराव्या लेण्यात शिरलो. हे वराहदेवाच्याही पाच-सहाशे वर्षं आधीचं. मधे मोकळं दालन, तीन भिंतींत चार-चार अशा १२ खोल्या. प्रत्येकीत दोन दगडी ओटे, उशीच्या जागी दगड जरासा उंच ठेवलेला. त्यावरून हात फिरवला. गार, ओलसर. पावसाळ्यात भिक्षूंनी फिरू नये, एका जागी वर्षावास करावा, हा बुद्धाचा दंडक. त्यासाठीच हे छप्पर.

पण खायचं काय? तिकडे इटलीत ख्रिस्ती संत बेनेडिक्ट जन्मला तो ४८०च्या सुमारास, अजिंठ्यातलं काम थांबत आलं तेव्हा. त्याच्या मठात प्रार्थनेइतकंच हातांनी राबणंही नियमातलं. आपल्या भिक्षूला तर माती खणायचीही बंदी. भिक्षापात्र घेऊन गावात जायचं, मिळेल ते मध्यान्हीआधी खायचं. म्हणून विहार गावच्या गलबल्यापासून लांब हवा, पण सकाळी जाऊन परतता येईल इतकाच. त्या एकांतामागे वराहदेवाचा पैसा होता, तशी आसपासच्या बायाबापड्यांची चूलही.

बाहेर येऊन झाडाखाली डबा सोडला. ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. घड्याळात दीड वाजला होता. भिक्षू असतो तर आज उपासच घडला असता.