फ्लॉरेन्समधला 'इंडियन'

फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिम टोकाला आर्नो नदीवर एक मोठा पूल आहे. तारांनी तोलून धरलेला, १९७८ साली वाहतुकीला खुला झालेला. त्याचं नाव 'पोंते अल्लिंदियानो'. मराठीत सांगायचं तर 'इंडियनाचा पूल'. पुलाशेजारच्या बागेच्या कोपऱ्यालाही लोक 'इंदियानो'च म्हणतात. "रविवारी सायकलवरून इंदियानोपर्यंत जाऊन आलो" असं तिथली माणसं सहज बोलून जातात. आपण 'जोतिबापर्यंत जाऊन आलो' म्हणतो ना, तसं.

हा इंडियन कोण, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच. "कोणी तरी महाराजा होता."

मंडळी, तो 'कोणी तरी' आपला आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते याच शहरात वारले. वय अवघं वीस.

माझा वारणानगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला एक मित्र गेली बारा-तेरा वर्षं फ्लॉरेन्सजवळ नोकरी करतो. बरीच वर्षं "ये, ये" चाललं होतं, शेवटी २०२३ च्या ऑक्टोबरात जमलं. पहिले दोन दिवस सगळे करतात तेच केलं. कॅथीड्रलचा घुमट पाहिला. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत तो कसा उभा केला, यावर दोघा इंजिनिअरांनी रस्त्यात उभं राहून वाद घातला. पोंते वेक्कियो या जुन्या पुलावरची सोनारांची दुकानं बाहेरूनच पाहिली (आतून पाहण्यासारखी आमची ऐपत नाही!). तिसऱ्या दिवशी मित्र म्हणाला, "चल भावा, आता आपल्या माणसाला भेटून येऊ."

पण तिकडे वळण्याआधी शहरातल्या दोन जागा सांगायला हव्यात. त्यांच्याशिवाय या गोष्टीचं वजन कळत नाही.

पहिली जागा पियाझ्झा देल्ला सिन्योरिया, म्हणजे शहराचा मुख्य चौक. जमिनीत एक गोल दगडी पाटी बसवली आहे. पर्यटक तिच्यावरून चालत जातात. २३ मे १४९८ रोजी इथे साव्होनारोला या धर्मोपदेशकाला दोन साथीदारांसह फाशी देऊन जाळलं. नंतर राख आर्नोत टाकली. अनुयायांनी अवशेष जपून पुजू नयेत, म्हणून.

दुसरी जागा सांता क्रोचे हे चर्च. मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ तिथे पुरले आहेत. त्यांच्या ओळीत दान्तेचंही थडगं आहे, पण ते रिकामं आहे. शहराने त्याला १३०२ साली हद्दपार केलं. परत आलास तर जिवंत जाळू, अशी शिक्षाही फर्मावली. तो १३२१ मध्ये राव्हेन्नाला वारला आणि तिथेच राहिला. पुढे फ्लॉरेन्सने त्याचे अवशेष मागितले, पण राव्हेन्नाने दिले नाहीत. आता दान्तेच्या समाधीवर जळणाऱ्या दिव्याचं तेल दरवर्षी फ्लॉरेन्सकडून जातं.

एकूण काय, या शहरात माणसाला जाळणं म्हणजे त्याला पुसून टाकणं. हे लक्षात ठेवून आता १८७० सालात या.

राजाराम महाराजांचा जन्म १८५० चा. मूळचे ते पाटणकरांच्या घरातले, नाव नागोजीराव. छत्रपती बाबासाहेब महाराजांना वारस नव्हता म्हणून दत्तक आले आणि १८६६ मध्ये सोळाव्या वर्षी गादीवर बसले. इंग्रजी उत्तम यायचं. विलायत बघायची ओढ होती. त्या काळी समुद्र ओलांडणं ही साधी गोष्ट नव्हती, धर्म बुडतो अशी समजूत होती. तरी १८७० मध्ये ते कॅप्टन वेस्ट या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर आणि आपली मराठी मंडळी घेऊन निघाले. सुवेझचा कालवा आदल्याच वर्षी सुरू झाला होता. लंडन-मुंबई समुद्री तार त्याच वर्षी जूनमध्ये जोडली गेली होती. जग अचानक जवळ येत होतं, असा तो काळ.

इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. महाराज रोज इंग्रजीत डायरी लिहीत. ती पुढे वेस्टने संपादित करून १८७२ मध्ये लंडनला छापली. परतीच्या वाटेवर युरोप बघत येताना महाराज आजारी पडले. फ्लॉरेन्सला पोचेपर्यंत दुखणं वाढलं होतं आणि तिथल्या एका हॉटेलात त्यांनी प्राण सोडला.

आता विचार करा. फ्लॉरेन्स तेव्हा नव्या इटली राज्याची राजधानी होतं. दोनच महिन्यांपूर्वी इटलीच्या सैन्याने पोपच्या ताब्यातलं रोम घेतलेलं. सगळा देश कॅथलिक, सगळे पुरण्याच्या रिवाजाचे. इटलीतलं पहिलं दहनगृह मिलानमध्ये १८७६ साली सुरू झालं, म्हणजे अजून सहा वर्षं लांब. अशा शहरात परमुलखातली काही माणसं सांगतात की आमच्या राजाला अग्नी द्यायचा आहे, तोही नदीकाठी, उघड्यावर.

शहराने होकार दिला.

महाराजांबरोबरच्या मंडळींना संगम हवा होता. शहराबाहेर मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, ती जागा ठरली. रात्री अंत्ययात्रा निघाली, चिता रचली गेली. बघायला शहरातले लोकही जमले. मंत्र झाले, अग्नी दिला, रक्षा नदीत सोडली. ज्या आर्नोत साव्होनारोलाची राख नामोनिशाण मिटावं म्हणून टाकली होती, त्याच आर्नोत ही रक्षा मुक्ती मिळावी म्हणून गेली. नदी तीच, अग्नी तोच. फरक फक्त बाजूला उभ्या असलेल्या माणसांच्या मनात.

ती जागा ज्या बागेत आहे तिचं नाव 'काशीने'. खरं तर हा गुरांच्या गोठ्यांसाठीचा, लोण्या-चीजच्या शेतवाडीचा शब्द. पण आपल्या कानाला काय ऐकू येतं सांगा! मित्र म्हणाला, "पहिल्यांदा मला कोणी तरी सांगितलं की महाराजांना काशीनेत दहन केलं, तेव्हा मला वाटलं थट्टा करतोय."

बाग नदीच्या काठाकाठाने साडेतीनएक किलोमीटर पसरलेली आहे. आम्ही चालतच गेलो. पळणारी माणसं, सायकली, बाबागाड्या. जसजसं पश्चिमेकडे जावं तशी गर्दी विरळ होत जाते आणि शेवटी झाडांमधून एक छत्री दिसते. चार खांब, वर घुमटी, एकदम आपल्याकडची. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा. रंगवलेला आहे हे विशेष. संगमरवरी पांढऱ्या पुतळ्यांनी भरलेल्या शहरात हा एक पुतळा पागोटं आणि दागिन्यांसकट रंगात बसलाय. चेहरा कोवळा आहे. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असतात ना पोरं, तेवढा.

हे स्मारक १८७४ चं. पुतळा केला चार्ल्स फुलर या फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या इंग्रज शिल्पकाराने. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. हे नाव कोल्हापूरकरांना माहीत असो नसो, त्याचं काम माहीत आहे. टाऊन हॉल (१८७२-७६, आता तिथे म्युझियम आहे) त्याचाच. नवीन राजवाडा (१८७७-८४) त्याचाच. म्हणजे आपण टाऊन हॉलच्या बागेत शेंगा खात बसतो तेव्हा समोर ज्याचं काम दिसतं, त्याचंच काम आर्नोच्या काठावर उभं आहे. चौथऱ्यावर देवनागरी अक्षरं दिसली तेव्हा आम्ही दोघंही जरा गप्प झालो.

मित्र छत्रीच्या पायरीवर बसला. त्याचे वडील, आमचे काका, मे २०२१ मध्ये कोरोनात गेले. विमानं बंद, प्रवासावर बंदी. त्याने सगळं फोनवर बघितलं, चुलतभावाने धरलेल्या हलत्या कॅमेऱ्यात. तो म्हणाला, "त्या दिवशी मला घरात बसवेना. कुठं जायचं कळेना म्हणून इथं आलो. इथं निदान कोणाला तरी आपल्या पद्धतीनं अग्नी दिलाय, एवढंच डोक्यात होतं. समोर नदी होती. हात जोडले आणि आंघोळ करायला घरी गेलो."

यावर काय बोलणार? आमची वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते. काकांच्या अस्थी तिथेच सोडल्या होत्या. हा इकडे मुन्योने आणि आर्नोच्या संगमावर उभा होता. दीडशे वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या राजवाड्यात नेमकी उलटी स्थिती होती. घरचे इथे आणि चिता तिथे.

फ्लॉरेन्समधल्या त्या रात्रीचा परिणाम इथे काय झाला, तेही बघण्यासारखं आहे. महाराजांना वारस नव्हता. १८७१ मध्ये नारायणराव भोसले या लहान मुलाला दत्तक घेतलं, तेच चौथे शिवाजी महाराज. त्यांना वेडं ठरवून झालेल्या छळाची बातमी 'केसरी' आणि 'मराठा'ने छापली. त्यातून बदनामीचा खटला उभा राहिला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. चौथे शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यावेळच्या अहमदनगरला वारले. पुन्हा गादी रिकामी. मग १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंत दत्तक आला आणि शाहू महाराज झाला. वीस वर्षांचा तो तरुण आजारातून उठून घरी परतला असता तर कदाचित शाहू महाराज गादीवर आलेच नसते. इतिहासात 'जर-तर'ला अर्थ नसतो म्हणतात, पण त्या पायरीवर बसल्यावर हा विचार आल्यावाचून राहत नाही.

आता मला खरं सांगायचंय ते.

त्यांचं नाव कोल्हापुरात रोज घेतलं जातं. १८८० साली सुरू झालेल्या राजाराम कॉलेजला त्यांचंच नाव दिलेलं आहे. गोपाळ कृष्ण गोखले तिथे काही काळ शिकले. पण परत आल्यावर मी सहज काही जणांना विचारलं, कॉलेजचे राजाराम कोणते? निम्म्यांनी सांगितलं, शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव, जिंजीला गेलेले. उरलेल्यांनी सांगितलं, शाहू महाराजांचे चिरंजीव, ज्यांच्या नावाने राजारामपुरी वसली. मधले राजाराम कोणालाच आठवेनात. तिकडे माणूस आठवतो, पुतळा आहे, पूल आहे, पण नाव विचाराल तर 'इंडियन'. इकडे नाव आहे, पण त्यामागचा माणूस हरवलाय. दोन्ही शहरांकडे अर्धा-अर्धा राजाराम आहे.

यात कुणाला दोष द्यायचा नाही. चार वर्षं गादीवर असलेला, ऐन विशीत गेलेला राजा दोन मोठ्या राजारामांच्या मध्ये झाकला जाणार हे साहजिकच आहे. पण त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली डायरी आहे. आपल्या मातीतला एक तरुण १८७० मध्ये युरोप कसा बघतो, हे त्यात वाचायला मिळतं. आपल्याकडची किती मुलं आज परदेशी शिकायला जातात! त्यांच्या आधी निघालेला हा त्यांचा एक पूर्वज आहे. राजवाड्यातला असला तरी वयाने त्यांच्याच बरोबरीचा.

असो. कोणी फ्लॉरेन्सला जाणार असाल तर घुमटाची रांग आणि डेव्हिडचा पुतळा झाल्यावर अर्धा दिवस राखून ठेवा. आर्नोच्या उजव्या काठाने पश्चिमेकडे चालत राहा. बाग संपते तिथे थांबा. तिकीट नाही, रांग नाही. आजूबाजूला कोणी असेल आणि "हा कोण?" म्हणून विचारलं, तर नुसतं 'महाराजा' सांगून गप्प बसू नका. पूर्ण नाव सांगा. छत्रपती राजाराम महाराज, कोल्हापूर.