जुनी गाडी आणि आतला गंज : इंदापूर-बारामतीच्या मोटारींचा इतिहास

इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळरानावर वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने उसाचे मळे फुलवले आणि 1930च्या दशकात साखर कारखाना उभारला. त्यातूनच वालचंदनगर वसले. याच वालचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारानुसार 1947 पासून मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्यांची जुळणी सुरू झाली. जुन्या अमेरिकी मोटारींच्या भारतातील इतिहासाशी इंदापूर तालुक्याचे नाते जुळते ते असे.

1954 पासून प्रीमियरने फियाट 1100 बनवायला घेतली. 1970च्या दशकात तिचीच पुढची आवृत्ती प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी माहीत झाली. दुसरीकडे महिंद्र कंपनीने 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली होती. नीरा डाव्या कालव्यावर पोसलेल्या बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात, माळेगाव आणि भवानीनगरसारख्या सहकारी कारखान्यांच्या परिसरात, चिखलवाट तुडवणारी जीप उपयोगाची होती. शहराच्या फेऱ्यांसाठी आणि लग्नकार्यासाठी फियाट सोयीची.

या गाड्या दीर्घकाळ टिकल्या त्यामागे परवाना राज, म्हणजे उद्योगांवरचे सरकारी परवान्यांचे नियंत्रण, हेही कारण होते. नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे, त्यामुळे जुनी गाडी भंगारात घालणे परवडत नसे. सडलेला पत्रा कापायचा, नवा तुकडा वेल्ड करायचा, वर पुट्टी भरून रंग द्यायचा, अशी दुरुस्ती पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली. आज अशी गाडी विकत घेणाऱ्यासमोर याच दुरुस्त्यांचे थर असतात आणि खरा गंज त्यांच्याखाली असतो.

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज धरतो; मीठ असेल तर त्याचा वेग वाढतो. बारामती-इंदापूरचा पट्टा पर्जन्यछायेतला आणि कोरडा असल्यामुळे इथे वाढलेल्या गाडीचा पत्रा समुद्रकाठच्या गाडीपेक्षा सहसा बरा राहतो. मात्र गाडी मुंबईहून आलेली असेल, तर नंबरप्लेट आणि नोंदणीपुस्तक पाहून तिचा पूर्वेतिहास काढावाच लागतो. शेतातला चिखल मडगार्डच्या आत आणि चासीच्या कोपऱ्यांत साचतो, ओल धरून ठेवतो. त्यामुळे कोरड्या मुलखातही गाडी आतून कुजते.

तपासणी खालून करतात. पायाखालचे गालिचे उचलून फरशीचा पत्रा पाहायचा, दाराखालच्या पोकळ पट्ट्या बोटाच्या पेराने वाजवायच्या, पाट्याच्या स्प्रिंगांचे आधार आणि जॅक लावण्याच्या जागा पाहायच्या. निरोगी पत्रा खणखणतो. पुट्टीचा आवाज बद्द येतो. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक बाजूंवरून फिरवले, तर जाड पुट्टीवर ते धरत नाही. रंगाला आलेले बारीक फोड म्हणजे आतून फुटू पाहणारा गंज.

खरेदीचा निर्णय मात्र गंज कुठे आहे यावर ठरतो. जीपची चासी वेगळी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. बॉडी सडली तरी चासी सरळ असेल, तर गाडी उभी राहते. कुर्ल्यात जुळणाऱ्या डॉज-प्लिमथचीही रचना अशीच होती. फियाट 1100ला स्वतंत्र चासी नाही. फरशी, पट्ट्या आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. दाराखालची पट्टी कुजली की गाडीची ताकदच जाते. त्यामुळे अशा गाडीत वरवरचा रंग पाहून किंमत ठरवणे धोक्याचे असते. इंजिन दुरुस्त होते, सडलेला सांगाडा कमी खर्चात परत मिळत नाही.

सांगाड्याच्या या प्रश्नाला कायद्यामुळेही आता महत्त्व आले आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारने पहिल्या नोंदणीनंतर 50 वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली. तिचे शुल्क 20,000 रुपये आहे आणि ती 10 वर्षे चालते. मात्र गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. गंजामुळे सांगाडा बदलावा लागलेल्या गाडीला ही अट अडचणीची ठरू शकते. म्हणूनच व्यवहारापूर्वी गाडी उचलून खालून तपासणे आणि दुरुस्तीचा अंदाज विक्रेत्याच्या किमतीत मिळवून पाहणे, हाच खरेदीचा पाया ठरतो.